आज लाटा मोठ्या आहेत

मी कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला बसते. पाहुणे विचारतात, "धुकं कधी येणार?" जसं काही ते मी स्वयंपाकघरातून मागवणार आहे. मी हसून सांगते, येईल, सकाळी नक्की येईल. हवेबद्दल थापा मारायची मला अशी सवय होतीच. पण गेल्या पावसाळ्यानंतर मी ज्या थापा मारत होते त्या पाहुण्यांना नव्हत्या. त्या माझ्या वडिलांना होत्या, आणि समुद्राबद्दल होत्या.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की पवनानगरहून आबांचा फोन यायचा.

"सारिका, समुद्र काय म्हनतोय?"

मी मोबाईलवर कोकणातल्या एका किनाऱ्याचं पान उघडायचे. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या लोकांसाठी ते पान आहे. पुढच्या आठवडाभराचं सगळं त्यात मांडलेलं असतं: लाट किती उंच, दोन लाटांमध्ये किती सेकंद, वारा समुद्रावरून की जमिनीवरून, भरती कधी, ओहोटी कधी. आधी मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता पाठ झालं होतं. पानावर असायचं अर्धा मीटर, वारा मंद. मी म्हणायचे, "आज लाटा मोठ्या आहेत आबा. दोन मीटर. उद्याही तसंच, आणि शनिवारचं तर विचारूच नका."

"बरं. मग फुडल्या आठवड्यात बगू."

फोन ठेवला की मला स्वतःचा संताप यायचा आणि तो समोरच्या पाहुण्यावर निघायचा. मॅनेजरनं दोनदा समज दिली.

त्या किनाऱ्यावर माझा धाकटा भाऊ समर्थ बुडाला. गावाचं नाव मी घेत नाही, घेतलं की तोंड कडू होतं. तिथं फळीवरचा खेळ शिकवणाऱ्या एका मालकाला पाहुण्यांसाठी तंबू टाकायचे होते, आणि तंबू म्हटले की पवनेच्या धरणावरची पोरं. समर्थ आमच्या धरणाकाठी तंबू ठोकतच मोठा झाला होता. पप्पू म्हणून त्याचा एक मित्र आहे, त्यानं काम आणलं आणि हा नाचत गेला. जाऊन आठवडाही झाला नव्हता. एका संध्याकाळी काम आटोपून पाण्यात उतरला. सकाळी कोळ्यांना सापडला.

आमचे आबा, हौशीराम, आधी धरणात जाळी टाकायचे. आता काठाला त्यांचे चार तंबू आहेत. पुण्या-मुंबईची मंडळी रात्रभर गाणी लावतात आणि सकाळी पाण्याकडे धावतात. आबा काठी घेऊन उभेच असतात. त्यांच्या तंबूवरून आजवर एकही माणूस बुडालेला नाही. या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा आमच्या दोघांच्या मार्कांचाही कधी नव्हता. मार्क तसे अभिमान धरण्यासारखे नव्हतेच म्हणा.

आम्हाला पोहायला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना एकच धडा दिला. धरणावर वारा सुटला की एका काठाला पाणी खळाळतं, दुसरीकडे डोंगराच्या आडोशाला ते परातीतल्यासारखं निवांत असतं. आबा म्हणायचे, "खळाळ आसंल तितं जायाचं न्हाई. शांत पानी हुडकायचं, आन् तितनंच उतरायचं." पवनेला हे सोळा आणे खरं आहे.

समुद्राला खरं नाही. हे मला झुबेरनं सांगितलं. झुबेर त्या गावचाच, फळीवर उभं राहायला शिकवतो. समर्थला आणायला मी गेले होते, आबा घरीच होते. शवागाराबाहेर तो पोरगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, लाटा वाळूच्या उंचवट्यावर फुटतात. आत आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथं वाळू खोल असते तिथून ते जातं. खोल असल्यामुळे तिथं लाट फुटत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहे." मग म्हणाला, "मी लांबून ओरडलो, तिकडून नको. त्यानं हात केला. म्हणाला, इथंच शांत आहे, आमच्या आबांनी शिकवलंय."

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आबांच्या कानावर ते पडलं तर आबा राहणार नाहीत, एवढं मला कळत होतं. माणूस जिवंत राहतो, जेवतो, तंबू ठोकतो, पण राहत नाही. तसे आबा मला नको होते. भाऊ गेला होता, बाप मी जाऊ देणार नव्हते.

आई, झुंबरबाई, सगळ्यांना शिव्या घालते. त्या मालकाला, समुद्राला, काम आणणाऱ्या पप्पूला. पप्पू बिचारा आमच्या गल्लीतून जायचा बंद झालाय. आबांना मात्र तिनं एक शब्द लावला नाही. उलट कुणी भेटायला आलं की सांगते, "ह्यांनी लेकराला पान्याचं सगळं शिकवलं व्हतं. ह्यांचं काय चुकलं न्हाई." मी तिथं असले की उठून चहा ठेवायला जाते.

आबांनी स्वतःला दोष दिला होता, पण भलताच. आमच्याकडे नव्या पाण्यात उतरायच्या आधी त्या पाण्याला नारळ देतात. नुसता फेकायचा नाही. कमरेएवढं आत जाऊन हळू सोडायचा. पाणी तो घेऊन गेलं तर आपल्याला ओळखलं. परत काठाला आणून टाकला तर त्या दिवशी उतरायचं नाही. समर्थ निघाला तेव्हा आबा तंबूच्या गडबडीत होते, नारळ द्यायचा राहून गेला. "त्या पान्यानं त्याला वळखलंच न्हाई," आबा म्हणाले. वर्ष पुरं झाल्यावर त्यांनी मनाशी धरलं, त्या किनाऱ्यावर जायचं आणि राहिलेला नारळ द्यायचा. मोठ्या लाटा तो परत फेकतील, म्हणून लाटा लहान असलेला दिवस हवा. तो दिवस मी सांगायचा.

आणि मी तो येऊच देत नव्हते. तिथं झुबेर होता, तंबूवरची पोरं होती, त्या संध्याकाळी बघणारे चारजण होते. कुणीतरी बोललंच असतं.

आबांना शंका यायची ती माझी नाही, समुद्राची. एकदा म्हणाले, "हितं पान हालंना, लोहगडावर ढगाचा ठिपका न्हाई, आन् तितं दोन मीटर?"

"लाट लांबून येते आबा. वारा तिकडे अरबस्तानात असतो."

"आसंल बाबा. लय लांबचं पानी."

हे निदान खरं होतं. थापेत थोडं खरं मिसळलं की ती चांगली चालते, हे हॉटेलात कुणीही सांगेल.

मग एक दिवस वाहिदचाचांनी घोळ केला. वाहिदचाचा पवनानगर-कामशेत जीप चालवतात, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या जीपमध्ये एक कुटुंब बसलं, नेमकं त्याच किनाऱ्यावरून आलेलं. समुद्र कसा आहे, चाचांनी विचारलं. ते म्हणाले, अहो, मुलं दिवसभर खेळत होती, नुसतं तळं. चाचांनी ते तसंच आबांना नेऊन दिलं.

दुपारी फोन आला. वाटलं, आता विचारणार, का गं खोटं बोललीस.

"सारिका," आबा म्हणाले, "तुजा फोन बिगडलाय. कवाचा चुकीचं दावतोय. तू मनाला लावून घिऊ नगं. मी नवा घिऊन देतो."

मी रिसेप्शनच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग तोंड धुतलं, पान उघडलं आणि जे होतं ते वाचून दाखवलं. गुरुवारी पाऊण मीटर, वारा जमिनीवरून, दुपारी ओहोटी.

"मग गुरवारी जाऊ," आबा म्हणाले.

झुबेरला मी आधी फोन केला. वडील येतायत, त्या दिवशीचं एक अक्षर बोलू नकोस, पोरांनाही सांग. तो म्हणाला, "ताई, मी समोरच येत नाही." मला वाटलं, चला, सगळ्यांची तोंडं बंद केली. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

आई आली नाही. तिला तो समुद्र बघायचा नव्हता. तिनं नारळाला हळदकुंकू लावून दिलं, आणि गुरुवारी आम्ही वाहिदचाचांच्या जीपमधून खोपोली, पेण करत खाली उतरलो. आबा पुढे बसले होते, मांडीवर नारळ. वाटेत चाचा त्यांना हसवायचा प्रयत्न करत होते. "हौशा, त्यो नारळ सोड की जरा, पळून जातोय का?" आबांनी सोडला नाही.

किनारा सुंदर होता. मला त्याचाही राग आला. ऊन स्वच्छ, माणसं तुरळक, छोट्या छोट्या लाटा ओळीनं येऊन वाळूवर फुटत होत्या. आबा आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते. चपला काढून ते पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि धरण बघतात तसे डोळे बारीक करून सगळीकडे बघत राहिले. डाव्या हाताला लाटा फुटत होत्या, उजव्या हाताला फुटत होत्या. मधे एक पट्टा होता, गर्द, गुळगुळीत, त्याच्यावर एक फेसाची रेघ नाही.

"ही जागा चांगली हाये," आबा म्हणाले. "शांत हाये."

"आबा, कडेनंच सोडा. लांब नका जाऊ."

"कमरंइतकं जावं लागतं बाय."

वाहिदचाचांनी त्यांचा एक दंड धरला, मी दुसरा. मी मागे ओढत होते म्हणून आबा कमरेपर्यंत गेले नाहीत, मांड्यांपर्यंत पाणी आलं तिथंच थांबले. पुटपुटत नारळ दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला आणि सोडला. तो जरा डुलला आणि निघाला. सरळ आत. दोन्ही बाजूंच्या लाटा काठाकडे येत होत्या आणि नारळ त्यांच्या मधून समुद्राकडे चालला होता, कुणीतरी दोरीनं ओढत असल्यासारखा.

"घेतला!" आबा ओरडले. वर्षभरात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "वाहिद, घेतला बग! लगीच घेतला!"

"घेतला रे बाबा," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

तिथंच आम्ही परत फिरायला हवं होतं. पण आबा नारळाकडे बघत राहिले. तो लांब गेला. शेवटची लाट फुटत होती तिच्याही पलीकडे गेला. आबांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. त्यांनी खाली बघितलं. पायांजवळची वाळू, पाण्यातला कचरा, एक वाळकं पान, सगळं त्याच दिशेला सरकत होतं. त्यांनी पाय जरा उचलून परत ठेवला. माझ्या हातात त्यांचा दंड एकदम ताठ झाला.

माणसांची तोंडं मी बंद केली होती. आबांचे डोळे कुणी बंद करायचे? पन्नास वर्षं पाणी बघितलेला माणूस तो.

"ह्ये पानी भाईर वढतंय," ते म्हणाले.

आम्ही त्यांना काठावर आणलं. ते ओल्या कपड्यांनिशीच वाळूत बसले. चाचा चहा बघायला गेले. आबा बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत होते.

"समर्थ हितनंच उतरला का?"

मला खोटं बोलता आलं असतं. इतके महिने बोललेच होते. पण त्यांच्याकडे बघितलं आणि जमलं नाही.

"व्हय, आबा."

"शांत बगून."

"व्हय."

"तुला कवापासनं ठावं हाये?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी तळहाताची वाळू झटकली. मग म्हणाले, "म्हंजे फोन बिगडला नव्हता." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर ते रडले. आवाज न करता, गुडघ्यांत तोंड घालून. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तुमची चूक नाही, असं मी म्हणाले. ते खोटं होतं की खरं, मला अजून माहीत नाही. आबांनी ते ऐकलं असं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर, घाट चढताना, माझा फोन वाजला. आई होती. मी काही बोलायच्या आधी आबांनी हात मागे करून फोन मागून घेतला.

"व्हय, दिला," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "लगीच घेतला पान्यानं. मागारी आला न्हाई. आता जेवून घे तू."

तिकडून ती काहीतरी बराच वेळ बोलत राहिली. आबा ऐकत होते. मलाही तिचा आवाज येत होता. ती म्हणत होती, तुमचं काय चुकलंच नव्हतं, मी सांगत नव्हते का.

"व्हय," आबा म्हणाले. "तू सांगत व्हतीस."

फोन मला परत देताना ते पूर्ण मागे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुज्या आईला ह्यातलं कायबी सांगू नगस. तिला घरात आता मी एकलाच हाये."