डाव्या हाताचं रक्त

घट बसले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून कोंढ्याच्या बाजाराच्या मैदानात पाय ठेवायला जागा उरली नाही. पवनीकडून, अड्याळकडून ऑटो भरभरून येत होते. धान गर्भावर आलेलं, बांधीतलं पाणी राखायला माणूस हवा, तरी माणसं बांध सोडून मंडपात बसली होती. मंचावर हिमालयाचं भलंमोठं चित्र, चित्रापुढे उपासाला चालणाऱ्या कुट्टूच्या पिठाच्या पिशव्यांचा डोंगर आणि त्या डोंगरापुढे अन्नयोगी हिमदास महाराज.

"गहू खाया, रोग बुलाया! चावल खाया, शक्कर लाया!" महाराज माइकमध्ये गर्जत. "और कुट्टू?"

"कुट्टू खाया, देव पाया!" मैदान ओरडे.

"माऊली, कुट्टू हे धान्यच नाही. गव्हाशी त्याचं नातं नाही. हे बी आहे, तीन कोनांचं! एक कोन वात, एक पित्त, एक कफ. डॉक्टरला तीन कोन दिसतात का? त्याला फक्त तुमचा खिसा दिसतो!"

लोक हसले. माझी बायको आनंदाबाईही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण महाराजांच्या बोलण्यातलं निम्मं खरं होतं आणि माझी अडचण नेमकी तिथे होती.

मी पवनीच्या एका वाचनालयात आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. पुस्तकं वाचली खूप, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की वाचलेलं सगळं घशात अडकतं. कुट्टूबद्दलही मी वाचलं होतं. ते खरोखरच गव्हातांदळाच्या जातीचं नाही. त्यात प्रथिनं चांगली असतात, चोथा असतो, आणि पांढऱ्या भातापेक्षा त्यानं साखर सावकाश चढते. एवढं खरं बोलणारा माणूस पुढचं खोटं कशाला बोलेल, असं मला वाटून गेलं. शिवाय मी कोण? ना डॉक्टर, ना वैद्य.

मग 'परीक्षा' सुरू झाली. ज्यांनी कधी साखर तपासली नाही अशांनाच महाराज मंचावर बोलवत. आधी पंचामृताचं तीर्थ. ते हातावर घ्यायचं, प्यायचं, हात डोक्यावरून फिरवायचा, मग मूठ घट्ट आवळून डोळे मिटून जप करायचा. जप झाला की प्रितम नावाचा सेवक बोटाला सुई टोचून मशीनवर रक्त घेई. आकडा मोठ्या पडद्यावर दिसे. तीनशे वीस, दोनशे नव्वद! मैदान हाय खाई. मग सेवक तांब्यातल्या कोमट 'गंगाजला'नं हात धुऊन देत आणि कुट्टूची गरम पेज प्यायला देत. थोड्या वेळानं पुन्हा सुई. एकशे पंधरा! शंख वाजे.

"ते चष्मेवाले बाबूजी! या, या, लाजू नका!"

माझ्याकडेच बोट होतं. आनंदाबाईनं कोपरानं ढोसलं. "जा ना अजी. बोलवून राहिले तं काहून असे दगडासारखे बसले?"

मी गेलो. पडद्यावर माझा आकडा आला : तीनशे सेहेचाळीस. पेजेनंतर एकशे बारा.

"बघा! या बाबूजींच्या रक्तानं साक्ष दिली!" महाराजांनी माझा हात वर धरला. "आता ज्यांच्या अंगात सुईचं औषध गेलं आहे त्यांनी ऐका. तुमचं रक्त विषारी झालं आहे, ते मशीनपुढे खोटं बोलतं. नवरात्र संपेपर्यंत सुई बंद, मशीन बंद. फक्त कुट्टू!"

आनंदाबाई कित्येक वर्षं इन्सुलिन घेत होती. पोटावर सुया टोचून टोचून गाठी झालेल्या. घरी आल्यावर तिनं इन्सुलिनचा डबा देवघराच्या फळीवर ठेवून दिला.

"अगं, एकदा डॉक्टरांना विचारू," मी म्हणालो.

"डॉक्टर काय सांगंल? तुमच्याच रक्तानं सांगतलं ना! मी दुसऱ्याचं नाही, माह्या नवऱ्याचं पाहिलं."

माझंच रक्त माझ्याविरुद्ध उभं होतं.

तिनं कुट्टूचा धडाकाच लावला. सकाळी पेज, दुपारी धिरडी. कुट्टूचं पीठ गव्हासारखं धरून राहत नाही, लाटायला गेलं की फाटतं. म्हणून ती उकडलेली कोचई, म्हणजे अळकुड्या, कुस्करून त्यात घाली, वर जिरं, हिरवी मिरची. धिरडी कुरकुरीत होत, दह्यासोबत छान लागत. मी आवडीनं खात होतो आणि तिच्याकडे पाहत होतो. ती माठ रिकामा करू लागली. रात्रभर उठबस. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. दुपारी सुपात शेंगदाणे निवडता निवडता तिला झोप लागे.

"हे विष निघून राहिलं," ती म्हणे. "महाराजानं सांगतलं होतं, पहिले त्रास होईल."

मी इन्सुलिनचा डबा दोनदा फळीवरून खाली काढला आणि दोनदा पुन्हा वर ठेवला. ती चिडेल म्हणून नव्हे. ती बरोबर असली तर? माझ्यासारखा भित्रा माणूस तिच्या बऱ्या होण्याच्या आड आला तर?

एके सकाळी तिला उठवेना. घटाची पूजा मीच केली. पंचामृत कालवलं, नैवेद्य दाखवला, उजव्या हातावर तीर्थ घेऊन प्यायलो, ओला हात डोक्यावरून फिरवला. तिथेच फळीवर तिचं मशीन दिसलं. मंडपातला आकडा माझ्या मनातून गेला नव्हता. मलाही हा रोग लागला असेल, तर आम्हा दोघांचं कसं होणार? मी उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचली.

तीनशे एकाहत्तर.

रोज कुट्टू खाऊनही एवढी? मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा पाहायचं ठरवलं. उजवं बोट ठणकत होतं, म्हणून या वेळी डाव्या हाताचं घेतलं.

एकशे नऊ.

मी चष्मा पुसला. पुन्हा उजवा : साडेतीनशेच्या वर. पुन्हा डावा : एकशे सात. एका माणसाच्या अंगात दोन रक्तं नसतात. एवढं कळायला पुस्तक लागत नाही. मग दोन हातांत फरक कशाचा? मी उजवा तळवा नाकाशी नेला. मधाचा वास आला.

तीर्थ आपण डाव्या हातावर कधी घेत नाही. आणि तीर्थाचा हात कधी धूत नाही, डोक्याला पुसतो.

मी साबण लावून उजवा हात खसाखसा धुतला, कोरडा केला, सुई टोचली. एकशे आठ. ना पेज, ना जप. मशीन मोजत होतं ती बोटाला लागलेली साखर. मंडपातली मूठ कशासाठी आवळायला लावत, तेही मग समजलं. तळव्यावरचं मध-साखर बोटांच्या टोकांना लागावं म्हणून! आणि तो गंगाजलाचा तांब्या म्हणजे नुसतं हात धुणं. कुट्टूच्या पेजेनं साखर उतरत नव्हती. तांब्यानं उतरत होती.

आनंदाबाईच्या खाटेपाशी बसून मी हे सगळं सांगितलं. घाईत सांगताना दोनदा चुकलो. ती डोळे मिटून ऐकत होती.

"घरात कोपऱ्यात बसून सांगू नका," ती जड जिभेनं म्हणाली. "त्या महाराजासमोर दाखवा. त्यानं मान्य केलं तं मी सुई घेतो."

"आधी इन्सुलिन घे, मग—"

"नाही म्हणजे नाही."

तेवढ्यात आमचा शेजारी इतवारी ओले शिंगाडे घेऊन आला. तो ढिवर, तलावात मासे धरतो, या दिवसांत शिंगाडे काढतो. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकाजी, काकूचं तोंड असं काहून झालं?"

मी त्यालाही दोन हातांची गोष्ट सांगितली. तो खाली वाकून माझा उजवा तळवा पाहू लागला, जणू मासा ताजा आहे की नाही पाहावं. मग म्हणाला, "चला मंडपात. काकूले माह्या टेम्पोत घालतो. मासळीचा वास येईल, उपास मोडते का काय मालूम!"

"मोडू दे रे बाप्पा," आनंदाबाई पुटपुटली. उभं राहताना तिनं माझा दंड घट्ट धरला. तिच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता. त्या वासाची मला भीती वाटली, कारण इन्सुलिनशिवाय साखर फार चढली की श्वासाला असा वास येतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

मंडपाच्या दाराशी टेम्पो लावला. मी मंचाच्या पायरीपर्यंत गेलो आणि थांबलो. एवढी माणसं! पाठीमागून इतवारी पुटपुटला, "चढा ना जी. काकू पाहून राहिली."

मी चढलो. महाराजांनी ओळखलं. "बाबूजी! साक्ष द्यायला आले! टाळ्या!"

सेवकानं तीर्थ दिलं. मी घेतलं, मूठ आवळली, जप केला. बोटाला सुई. पडद्यावर तीनशे तीस.

"बघा! कुट्टूत खंड पडला असेल, साखर परत आली!"

मला बोलायचं होतं. वाक्यं तयार केली होती. घशातून एकही निघेना. मग मी नुसता डावा हात पुढे केला.

"या हाताचं घ्या," एवढंच म्हणालो.

सेवकानं महाराजांकडे पाहिलं. महाराज हसले. "बाएं हाथ में नकारात्मक ऊर्जा होती है, बाबूजी. शास्त्रात डावा हात वर्ज्य आहे."

"काहून जी?" खालून इतवारीचा आवाज आला. "डाव्या हातात काय गटाराचं पाणी वाहते?"

हशा पिकला. एक बाई ओरडली, "घ्या ना! पायाचा अंगठा थोडी मांगून राहिला तो!"

सेवक हलेना. मी घरून आणलेल्या पिशवीतून आनंदाबाईचं मशीन काढलं. घाईत दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसरीवर रक्त बसलं. इतवारी मंचावर चढला, मशीन घेऊन माइकजवळ मोठ्यानं वाचू लागला : "एकशे अकरा!"

"कृपा आहे!" महाराज म्हणाले. "उजव्यातला दोष डाव्यानं शोषला!"

मी पाण्याची बाटली आणि साबणाची वडी काढली. मंचावरच उजवा हात धुतला, पुसला, सुई टोचली. इतवारी वाचायला वाकला. "एकशे सहा! पेज नाही, गंगाजल नाही, कोंढ्याच्या नळाचं पाणी!"

मग कुठे माझा घसा सुटला. मी माइकपासून लांबच उभा होतो, पण मैदान इतकं शांत झालं होतं की ऐकू गेलं. "मध बोटाला लागलेला असतो. मशीन मध मोजतं. हात धुतला की मध जातो. बाकी काही नाही. ज्यांनी सुया बंद केल्या आहेत त्यांनी आजच सुरू करा. माझी बायको बाहेर टेम्पोत पडली आहे."

मला वाटलं होतं लोक भडकतील, महाराजांना जाब विचारतील. थोडे उठले, त्यांनी सेवकाला घेरलं. पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा माझ्याकडेच पाहत म्हणाला, "माह्या पोराचे दोन्ही पाय सुन्न झाले. आमाले थोडी आस लागली होती. तेही पाहवलं नाही का तुले?" त्याच्यापुढे मी हात जोडले.

टेम्पोपाशी आलो. आनंदाबाईनं माइकवरून इतवारीचे आकडे ऐकले होते. तिनं बाटलीतलं पाणी मागून आपले दोन्ही हात धुतले. मग डावा हात पुढे केला. "आता माह्यं पाहा."

आकडा आलाच नाही. साखर मशीनच्या मापाबाहेर गेली की तिथे नुसती दोन इंग्रजी अक्षरं येतात. इतवारीनं ती वाचायचा प्रयत्न केला नाही. त्यानं गाडी सुरू केली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला बरेच दिवस राहावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मूत्रपिंडांना धक्का बसला आहे. किती भरून येईल, ते आत्ता सांगता येत नाही.

आता ती घरी आहे. आमच्या घरात कुट्टू आजही आहे. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की खायला हरकत नाही, पण भातासारखंच मोजून खा. त्यातही पिष्ट असतंच. मी त्याची खिचडी शिकलो : दाणे कोरडे भाजायचे, मग थोड्या तुपात जिरं, शेंगदाणे, लौकीचे तुकडे, आणि पाणी बेतानं. पीठ लवकर खवट होतं, म्हणून थोडंच आणतो. खवट वास आला की ते पोटात घालायचं नाही. इतवारी अधूनमधून शिंगाडे आणतो आणि म्हणतो, "आमच्या तलाव-बोडीतला शिंगाडा हिमालयात नाही उगवला, म्हणून त्याचा महाराज नाही झाला." आनंदाबाई हसते. मग हात धुते, बोट पुढे करते, आकडा पाहते आणि इन्सुलिन घेते. अन्न ताटातलं काम करतं. औषधाचं काम औषधच करतं. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवणाऱ्यानं कितीही गोड तीर्थ दिलं, तरी त्याला एक साधा प्रश्न विचारायला हवा : हात धुतल्यावर आकडा किती येतो?

महाराजांचा मंडप आता सिहोऱ्याकडे लागल्याचं ऐकतो. इतक्या लांब जायची माझ्यात ताकद नाही, आणि गेलो तरी मला बोलता येईल याची खात्री नाही. पण तिथं शास्त्र सांगायची, भांडायची गरज नाही. हे वाचणारं कुणी त्या मैदानात असेल, तर त्यानं मंचावर जावं, उजव्या हातावर तीर्थ घ्यावं आणि मग फक्त डावा हात पुढे करावा.