तीन वाजताची सावली

“हंसाबाई, आली नं गाडी!” अय्यूबभाईनं हातातली ट्यूब तशीच पाण्याच्या घमेल्यात सोडली. पंक्चर राहिलं बाजूला, अन् तो रस्त्यावर धावला.

नगरपरिषदेचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी वळला. ट्रॉलीत कडुनिंबाची रोपं, चांगली पुरुषभर उंच. यवतमाळात बिनसावलीच्या वस्त्या शोधून झाडं लावायची योजना निघाली, तेव्हा पहिला अर्ज अय्यूबभाईचा होता. चाळीस घरं, सगळी टिनाची, अन् झाड म्हणाल तर औषधाला नाही. अर्जावर सही केल्याशिवाय तो कुणाच्या सायकलीत हवा भरत नव्हता. आज त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

योजनेच्या साधना मॅडम टेप घेऊन उतरल्या. इथं पाइपलाइन, तिथं वर विजेच्या तारा, पुढं नाली. साऱ्या गल्लीत जागा निघाली एकच. मॅडमनी चुन्यानं गोल आखला, तो नेमका अय्यूबभाईच्या दुकानात. दुकान कसलं, समाजमंदिराच्या भिंतीला बांधलेली ताडपत्री अन् खाली हवेचा पंप.

सगळी गल्ली अय्यूबभाईकडं बघू लागली.

“इथं जमत नसेल तर रोप दुसऱ्या वस्तीला जाईल,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही ठरवा.”

“जाऊ द्या मॅडम,” समोरच्या घरातली हंसाबाई म्हणाली. “भाईचं पोट हाय इथं. झाडापायी माणूस उठवाचा काय?”

अय्यूबभाई ताडपत्रीकडं बघत राहिला. बावीस वर्षांची जागा. गल्लीतली सावली तेवढीच, अन् ती त्याची एकट्याची. त्याला राग आला, स्वतःच्याच अर्जाचा आला. मग त्यानं मान खाजवली अन् एकदम हसायलाच लागला.

“घ्या! मीनंच आपल्या हातानं अर्ज देल्ला, आता कोनाले बोलू? सोडा ते दोर!”

ताडपत्री उतरली. पहार लागली, खड्डा झाला, हंसाबाईनं नारळ फोडला, पोरींनी टाळ्या पिटल्या. पहिलं पाणी पंक्चरच्या घमेल्यातलं पडलं. “रोज फेकूनच देतो, आता इथं फेकीन,” असं सांगत त्यानं मॅडमच्या फॉर्मवर झाडाचा पालक म्हणून सही ठोकली.

ट्रॅक्टर गेला. अय्यूबभाईनं डोळ्यांवर हात धरून कलत्या सूर्याकडं पाहिलं, मग झाडाकडं. झाडापासून उगवतीच्या बाजूला आठ पावलं मोजली अन् पंप, घमेलं, हत्यारांची पेटी, सगळं तिथं नेऊन मांडलं. भर उन्हात.

“काहून उनात बसता भाई? माह्या टिनाखाली या नं!” हंसाबाई ओरडली.

“नाही बाई, तीन वाजताची सावली इथंच येते.”

“कवा?”

“पाच-सहा सालानं.”

हंसाबाईनं कपाळावर हात मारला. “अन् तवरक?”

अय्यूबभाईनं गळ्यातला रुमाल काढला, झटकला अन् जमिनीवर नीट अंथरला.

“यष्टीत खिडकीतून रुमाल टाकत नाही काय आपन? तसं हाय हे. मागून लय गर्दी होते.”

अन् रुमालावर मांडी घालून त्यानं ती अर्धवट राहिलेली ट्यूब पुन्हा हातात घेतली.