साठ व्होल्टचा जीव

मित्रांनो, मी एक जुना पॉवर ट्रान्झिस्टर आहे. चपट्या टोपीसारखं माझं पोलादी अंग आणि खाली दोन पाय. आता मी आतून जळलेलो आहे, पण त्या दिवसाची भीती अजून माझ्यात आहे.

कारखान्यात सिलिकॉनच्या इवल्याशा तुकड्यावर टोपी बसवून मला घडवलं. माझी मर्यादा कागदावर लिहिली गेली : साठ व्होल्ट. सौंसरच्या एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मी नऊ वर्षं राबलो. "आवाज मोहगावपर्यंत जाते," असं लोक कौतुकानं म्हणायचे. मग तो अ‍ॅम्प्लिफायर मोडीत निघाला आणि पांढुर्ण्याच्या पुंडलिकराव मेकॅनिकांनी मला काढून डब्यात टाकलं.

१९८६च्या उन्हाळ्यात सावरगावचे रघुनाथराव रंगीत टीव्ही चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन आले. त्याच्या वीजपुरवठ्यातला ट्रान्झिस्टर गेला होता.

"पार्ट नागपूरहून आणा लागते. दोन दिवस धरा," पुंडलिकराव म्हणाले.

"उद्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. ते काय माह्या तोंडाकडे पाहत बसतील? अन् या डब्यात काय वाळवण घातलं तुम्ही?"

पुंडलिकरावांनी मला उचललं. "टोपी तशीच, पाय तसेच. बसते."

पुंडलिकरावांची लेक उषा बी.एस्सी.ला होती. चहा ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाबा, पण हा किती व्होल्टचा?"

"पंधरा अँपिअरचा हाय. जुन्यापेक्षा दणकट."

तिनं विचारलं होतं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याचंच. मी गारठलो. त्या जागी तीनशेहून जास्त व्होल्ट असतात. तिथल्या ट्रान्झिस्टरला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद व्हावं लागतं आणि बंद होताना दर वेळी सातशे-आठशेचा तडाखा बसतो. माझ्यासारखे दहा जण एकावर एक उभे केले, तरी ते पुरे पडले नसते.

मला टीव्हीत बसवलं आणि प्लग लागला. एक 'फट्ट' आवाज झाला. माझ्या आतली तार वितळून तुटली, फ्यूजही गेला. पुंडलिकरावांनी प्लग काढला, डावा हात टीव्हीच्या आतल्या धातूच्या सांगाड्यावर, चेसिसवर टेकवला आणि मला उपसायला उजवा पुढे केला.

मरण्याहून मोठी भीती मला तेव्हा कळली. तार तुटल्यामुळे वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमधली वीज तिथेच कोंडली होती. माझी टोपी त्याच कंडेन्सरच्या एका टोकाला जोडलेली होती आणि चेसिस दुसऱ्या. ती वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेली असती. बोटं जवळ येत होती. मला ओरडता येत नव्हतं.

उषानं त्यांचं मनगट धरलं. "बाबा, हात मांगं घ्या."

"प्लग काढला ना, बाई."

"आत साठून असते."

तिनं एक बल्ब घेतला आणि त्याच्या दोन उघड्या तारा कंडेन्सरच्या टोकांना टेकवल्या. बल्ब लख्खकन पेटला आणि विझला. प्लग तर जमिनीवर पडलेला होता.

पुंडलिकरावांनी चेसिसवरचा हातही काढून घेतला. रघुनाथरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "दोन दिवस लागू द्या," ते हळूच म्हणाले. "पाहुण्यांशी मी बोलत बसीन."

मित्रांनो, आमचं अंग पाहून आम्हाला निवडू नका. आमच्या कागदावर व्होल्टचा आकडा असतो, तो वाचा. त्या माणसानं मला नऊ वर्षांच्या कामानंतरही जपून ठेवलं होतं. मी त्याचा जीव घेतला असता, आणि 'थांबा' एवढंही मला म्हणता आलं नसतं.