हातावर दही

आज सकाळी आपल्या लष्कराचं विमान आमच्या दिवाणखान्यात उतरलं. पंख खिडक्यांतून बाहेर गेले आणि शेपूट स्वयंपाकघरात आलं. दुधाचं पातेलं मी वेळेवर उचललं म्हणून वाचलं.

दारातून एक जवान उतरला. बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला.

"वहिनी, चला. रणगाडे गल्लीच्या तोंडाशी आलेत. आणि ह्ये विमान थांबवलं की आटतंय."

"दही लागू दे," माई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "नातीच्या हातावर दही ठेवल्याशिवाय मी तिला घराबाहेर काढायची नाही."

मला हसू यायला हवं होतं. पण माझा नवरा मुकुंद मागच्या विमानाने दही न घेताच गेला होता, आणि ते विमान अजून कुठेच उतरलेलं नाही. म्हणून मीही विरजणाचं वाडगं माईंच्या हातात दिलं. रेणू सहा वर्षांची आहे. धोका कशाला पत्करायचा?

या परक्या देशात थंडी मरणाची, गॅस कधीच बंद झालेला. विरजण काही लागेना. माई वाडगं शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या. मधूनमधून बोट घालून बघत होत्या. तोवर विमान कपाटाएवढं झालं. जवानही त्याच मापात लहान झाला, आवाज मात्र तेवढाच राहिला.

"पोरीला तरी द्या, वहिनी. अजून मावंल."

मी रेणूला उचललं. माईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मी तिला खाली ठेवलं. त्या क्षणी मला स्वतःचीच भीती वाटली.

दही लागलं तेव्हा विमान बुटाच्या खोक्याएवढं होतं. माईंनी रेणूच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. रेणूने तोच हात विमानाच्या दारातून आत घातला. मनगटापर्यंत गेला.

"एक प्रवासी," जवान आतून म्हणाला. दार लागलं.

विमान घरातल्या बोळातून धावू लागलं, रेणू वाकून त्याच्याबरोबर. तिचा दुसरा हात माझ्या हातात होता. समोर घराचं दार सताड उघडं होतं आणि गल्लीत पहिला रणगाडा वळत होता.

"आई, सोड ना," रेणू म्हणाली.

"थांब गं," माई चमचा घेऊन माझ्यामागे धावत आल्या, "तुझं राहिलं."