होडी नाचली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी कातड्याची होडी आहे. वाळुंजाच्या फांद्या वाकवून माझा सांगाडा केला आणि त्यावर चार याकांची कातडी ताणून शिवली. तिबेटातली आमची सांपो नदी खडकाळ आहे. लाकडी होडी तिच्यात एका आपटीत फुटेल. मी मात्र आपटले तर जरा वाकते, कुरकुरते आणि पुढे सरकते.

मला मिग्मार नावाड्याने बांधले. रोज सकाळी तो मला प्रवाहाबरोबर खाली न्यायचा. माझ्यात माणसे बसली, जवाची पोती बसली, एकदा तर आख्खी नवरी वऱ्हाडासकट बसली! परतीला प्रवाहाविरुद्ध वल्हवणे कोणालाच जमत नाही. म्हणून मिग्मार मला पाठीवर उपडी घेऊन काठाकाठाने घरी चालत यायचा, आणि शिदोरी लादलेला त्याचा मेंढा मागून. लांबून पाहणाऱ्याला वाटे, भलेमोठे कासवच दोन पायांवर चालले आहे.

पुढे नदीवर पूल झाला आणि लोक मोटारीने जाऊ लागले. मिग्मारचे गुडघेही गेले. मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालू लागल्या. कातडे वाळून कडक झाले. मिग्मार जाता-येता माझ्यावरून हात फिरवी, पण माझ्याकडे पाहत नसे. मला राग नाही आला. पण नदीचा आवाज तिथवर ऐकू यायचा, त्याला काय करू?

कापणीच्या आधी आमच्याकडे ओंगकोरचा सण असतो. पाठीवर पोथ्या घेऊन लोक उभ्या पिकाला प्रदक्षिणा घालतात. त्या सणाच्या आदल्या दिवशी शेजारची म्हातारी युद्रोन आमा काठी आपटत आली.

“मिग्मार, उद्या मला माहेरी सोड.”

“आमा, मोटार जाते की सकाळी.”

“त्या डब्यात बसलं की पोटातलं सगळं तोंडाशी येतं. गेल्या खेपेला ड्रायव्हरच्या टोपीत ओकले. आता तो मला बघून गाडी पळवतो. आणि माझ्या चिमेचे डोळे चाललेत रे. धाकटी बहीण माझी. तिला दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवू दे.”

मिग्मारने मान खाली घातली. “होडी वाळलीय, आमा. आणि मीही.”

त्याची लेक पेलक्यी भिंतीवर गोवऱ्या थापत होती. ती हात धुऊन आली आणि तिने मला भिंतीपासून ओढून काढले.

“तुम्ही बसून सांगा बाबा, मी शिवते.”

दिवसभर तिने मला काठच्या संथ पाण्यात भिजवले, उसवलेल्या जागा शिवल्या, अंगभर लोणी चोळले. किती दिवसांनी कुणीतरी मला लोणी चोळत होते!

सकाळी आम्ही निघालो. पेलक्यी वल्ह्यावर, मिग्मार वाट सांगायला, मध्ये युद्रोन आमा आणि मागे मेंढा. दोन्ही काठांना पिवळी शेते होती. बांधांवरून मिरवणुका चालल्या होत्या, ढोल वाजत होते. एका गावाच्या घाटावर बायका धुणे धूत होत्या.

“अगं पेलक्यी, ही होडी आहे की खुराडं?”

“बस की येऊन! बघू, अंडं देतेस का!”

सगळा घाट हसला. मीही हसले असते. पण पुढच्या चिंचोळ्या वाटेत खडक घासला आणि माझी एक जुनी शिवण टरकन उसवली. गार पाणी आत घुसले. मेंढा ओरडू लागला. मिग्मार पांढराफटक पडला. एवढ्या भरवशाने ही माणसे माझ्यात बसली होती.

युद्रोन आमाने मात्र आपली पिशवी उघडली. बहिणीसाठी आणलेला लोण्याचा गोळा तिने सातूच्या पिठात मळला, भोकात कोंबला आणि ती त्यावर फतकल मारून बसली.

“वल्हव पोरी! देवानं एवढं जड बूड काय उगाच दिलंय?”

आणि आम्ही पार झालो!

चिमे काठावरच उभी होती. तिने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी डोळ्यांजवळ नेला.

“अगं बाई, किती म्हातारी झालीस!”

“चला, दिसतंय म्हणायचं तुला!” युद्रोन आमा रडता रडता हसली. “लोणी आणलं होतं गं. त्याच्यावर बसूनच आले.”

त्या गावात ओंगकोरला होडी पाठीवर घेऊन नाचतात. दुपारी पुरुष आपापल्या होड्या घेऊन खळ्यात उतरले. मिग्मार गुडघे धरून कडेला बसला होता. पेलक्यीने त्याच्याकडे पाहिले, ती वाकली आणि तिने मला पाठीवर घेतले.

एक म्हातारा फणकारला, “बाईच्या पाठीवर होडी? असलं कधी पाहिलं नाही.”

“मग बघून घे,” चिमे म्हणाली, “माझ्यासारखे डोळे जायच्या आत.”

मित्रांनो, मी नाचले! वल्ही माझ्या कडांवर खडखडत होती, धूळ उडत होती, जवाच्या दारूची, छांगची, भांडी फिरत होती. मिग्मार बसल्या जागी टाळ्या देत मोठ्याने गात होता आणि माझ्याकडे पाहत होता. सरळ माझ्याकडे.

सायंकाळी त्याने विचारले, “आमा, परत कसं न्यायचं तुला? होडी तर वर जात नाही.”

“मला कुठं परत जायचंय?” युद्रोन आमा म्हणाली. “तिकडे माझं कोण आहे? इथं हिला उद्या वाट दाखवायला कुणीतरी हवं.” चिमेने तिचा हात सोडलाच नव्हता.

आता ओंगकोर आला की पेलक्यी मला पाण्यात उतरवते. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू भिंतीला टेकून उभी असेल. तिची कीव करून, धूळ पुसून तिला पुन्हा तिथेच उभी करू नका. फाटली असेल तर शिवा. थोडे लोणी लावा. आणि मग तिच्यावर आपला भार टाका. आम्हांला भाराचे दुःख नसते.