लवंगेचं तेल

"बशीत सोडायची की वाटीत?" गच्चीच्या जिन्यावरूनच मी विचारलं.

"काय?" खालून बायकोचा आवाज आला.

"वाकडी पिल्लं."

"खाली या आधी," ती म्हणाली. "शेजारपाजाऱ्यांना कशाला सांगताय."

खाली गेलो. आमची ही खाटेवर पाय लांब करून बसलेली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणखी तीन आठवडे जिना बंद. आणि वर शेडमध्ये फायटर माशांची नऊ आठवड्यांची तीनशे पिल्लं छाटणीला, म्हणजे वाकडी वेगळी काढायला, आलेली. उद्या सकाळी व्यापारी न्यायला येणार होता. एक जरी वाकडं दिसलं तर सगळीच्या सगळी परत, असं त्यानं मागच्या खेपेला बजावलं होतं.

सव्वीस वर्षं आम्ही हे मासे करतोय. जोड्या मी लावतो. शेपूट लांब, पसरट हवी म्हणून सख्खी भावंडंसुद्धा एकत्र सोडली आहेत, आणि त्यापायी दर वेळी काही पिल्लं कण्यातच वाकडी निघतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. ती वेगळी काढून त्यांचं काय करायचं ते ही बघायची. कसं, ते मी कधी विचारलं नाही. छाटणीच्या दिवशी मला नेमकं बाजारात काहीतरी काम निघायचं. गिऱ्हाइकांना मात्र छाती फुगवून सांगायचो, आजवर या हातानं एक मासा मारलेला नाही. खोटं नव्हतं ते.

"कपाटात वरच्या फळीवर लवंगेच्या तेलाची बाटली आहे," ती म्हणाली. "वाटीत त्यांचंच पाणी घ्या. तेलाचे चार थेंब वेगळ्या पाण्यात घालून खूप हलवा आणि ते थोडं थोडं वाटीत सोडा. आधी झोपतात. झोपली की आणखी घालायचं. मग अर्धा तास बसायचं, मध्ये उठायचं नाही."

"ते तेल तुझ्या दाढेचं ना?"

"माझ्या दाढेला काय झालंय?"

मी बाटली खाली काढली. छाटणीच्या दिवशी घरभर लवंगेचा वास असायचा, ही भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आणि मी इतकी वर्षं हिच्या दाढेची टिंगल करत आलो होतो. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, त्या दाढेला आता घरात वाटा द्यावा लागणार. पाहुणे हसले होते, हीसुद्धा हसली होती. आता ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इथं आणून द्या सगळी," ती म्हणाली. "बसल्या बसल्या करते मी."

"नको. आज मी करतो."

"जमेल?"

"जमवतो."

वर जाऊन टबापाशी बसलो. चष्मा पुसून पुसून एकेक पिल्लू चमच्यात घेऊन बघितलं. पाठीत जराशी शंका आली की काढलं. काम करायचंच तर चोख करायचं, असं मनात घेतलं होतं. एकतीस निघाली, नखाएवढी. तिनं सांगितलं तसंच सगळं केलं. पिल्लं कलंडली, तळाशी गेली, कल्ले हलायचे थांबले. अर्धा तास मी उठलो नाही. उठावंसं फार वाटत होतं.

पुढं काय करायचं ते विचारायला वाटी घेऊन खाली आलो. तिनं ती मांडीवर घेतली, बोट बुडवलं आणि एकेक पिल्लू सरकवत बघायला लागली. आठ पिल्लं तिनं वाटीच्या कडेला वेगळी लावली.

"ही कशाला वेगळी?"

"ही चालली असती."

"अगं, वाकडी आहेत."

"एवढी वाकडी मी दर वेळी सोडते. पोहतात, खातात. शेपूट वाढली की कुणाला दिसतंय?"

"म्हणून तो व्यापारी ओरडतो होय."

"तुमच्यावर ओरडतो. पिल्लांना काय त्याचं."

मला हसू आलं नाही. "मघाशीच सांगायचंस ना मग," मी म्हणालो.

"तुम्ही कसं मारायचं ते विचारलंत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, दमली होती. "कुठलं मारायचं ते विचारलं नाहीत."

वाटी घ्यायला मी हात पुढे केला. तिनं दिली नाही.

"बसा जरा," ती म्हणाली.

मी खाटेच्या कडेला बसलो. ही ती आठ पिल्लं एकेक करून बोटानं सरळ करत होती. पाण्यात ती पुन्हा होती तशीच वाकडी व्हायची.