बाळंतिणीच्या खोलीचा रंग

"काका, डबा जरा वर घ्या. पान दिसू द्या, पान!"

उन्मेषने मोबाइल रोखला तसा रुपरावांनी डबा छातीशी धरला. डब्यावर हिरवं पान आणि खाली झोपलेलं गुटगुटीत बाळ. उन्मेष रंगाच्या कंपनीचा माणूस. रंगाऱ्यांच्या मेळाव्यात रुपराव मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "पोरीच्या बाळंतपणाची खोली मी याच रंगानं रंगवतो!" तेच त्याला आता जाहिरातीसाठी हवं होतं. मधल्या काळात नात जन्मली आणि गेलीही, हे त्या बापड्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दारात रुपरावांची बायको इंदुताई उभी होती. नात गेल्यापासून बाईने धड घास खाल्ला नव्हता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून फटींत चिंध्या कोंबल्या त्या तिनेच. आपल्याकडे कोण नाही कोंबत? पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बंद खोलीत ताजा रंग?" आणि सगळं गणगोत तिच्यावर तुटून पडलं. पोटची लेक मेघासुद्धा आईशी बोलेनाशी झाली. आणि रुपराव? ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. याचीच तर चीड येते.

"बोला काका, 'माझ्या नातवंडाच्या खोलीला हाच रंग दिला.'"

"देल्ला," रुपराव म्हणाले. मग एकदा बायकोकडे बघून पुढे बोलत राहिले. "लोकायच्या घरी मी रंगावर आठ-आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवाले लावतो जी. हिनंही मले इचारलं, 'दोन दिवस थांबू का? खिडकी उघडी ठेवू का?' म्या याच डब्यावरचं वाचून दाखवलं हिले. वास नाही, विषारी काही नाही, त्याच दिवशी लेकराले झोपवा. म्या म्हनलं, लाव खिडकी."

"काका, एवढं नको हो..."

"चालू राहू दे गा!" रुपराव ओरडले. "मेघा, बाहेर ये वं बाई, आयक. तुह्या मायनं काही नाही केलं. खिडकी लाव म्हनून मीच म्हनलो होतो. लेकरू तडफडून गेलं अन् मी आजवर चूप बसलो."

इंदुताई उंबऱ्यावर मटकन बसली आणि इतके दिवस कोंडून ठेवलेला हंबरडा तिने फोडला. मेघा आतून आली. ती आईला खेटून बसली.

उन्मेषने मोबाइल केव्हाच खाली केला होता. त्याने हळूच विचारलं, "नाव काय होतं बाळाचं?"

"बारसं कुठं झालं जी," रुपराव म्हणाले. आणि त्यांनी तो डबा, पान भिंतीकडे करून, खाली ठेवला.